खुली जवारी

जुना अॅम्प्लिफायर सव्वीस वर्षं चालला.
डिसेंबरात त्याच्या जाळीवर हात शेकता यायचे,
आणि आवाज, काय सांगू,
खरवसासारखा. चमचा रुतायचा.
मग एके दिवशी डावी बाजू गप्प झाली.
जेल रोडचा जसवानी म्हणाला, काका, याचे पार्ट आता मिळत नाहीत,
आणि माझ्या फंडाच्या पैशांचा एक लचका
खोक्यात घालून, सुतळी बांधून
रिक्षात ठेवला.

पहिल्या संध्याकाळी तानपुरा लावला.
चार तारांच्या चार सुऱ्या.
बाईंनी नुसतं 'सखी' म्हटलं
तर स मधून वाफ निघाली.
पुढे एक च आला, त्यातून ठिणगी.
मैफलीतल्या टाळ्या म्हणजे पत्र्यावर गारा.
अर्ध्या तासाने मी पंखा लावला.
उकडत नव्हतं,
काहीतरी मऊ ऐकायचं होतं.

"ब्राइट आहे थोडा," जसवानी फोनवर म्हणाला,
"शंभर तास चालू द्या, बसेल."
शंभर तास चालू दिला. बसला नाही.
नर्मदेचं पाणी इथे एक दिवसाआड येतं,
तसं मी एक दिवसाआड ऐकू लागलो.
ट्रेबल उतरवला, तर बाई
पांघरुणात तोंड घालून गाऊ लागल्या.
स्पीकर तिरके केले,
रुसलेल्या जावांसारखे.
वायर बदलली. तिची किंमत
मी शरयूलाही सांगितलेली नाही.
ट्वीटरवर टिश्यू पेपर डकवला, दुहेरी.
निम्मं भागलं.

रविवारी ऋजुताचा फोन, लीड्सहून.
"बाबा, आवाज घुमतोय तुमचा. कुठे बसलात?"
म्हटलं, घरातच.

शेवटी रामबागेतून खासगीवाल्यांना आणलं.
वय एकोणऐंशी. तानपुऱ्यांच्या जवाऱ्या काढण्यात जन्म गेला,
बोटांवर अजून कानशीच्या रेघा.
तीन जिने चढून आले, पाणी प्यायले,
नव्या यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
खोलीच्या मधोमध उभं राहून
एकदाच टाळी वाजवली.
टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर
टणटण उड्या मारत
कोपऱ्यात जाऊन मेली.

"जवारी फार खुली आहे," म्हणाले,
"पण या डब्याची नव्हे. तुमची घोडी म्हणजे ही खोली.
हिच्यातून काय काढलंत?"

काय काढलं?
एक पलंग, कापसाची गादी,
फुगल्यामुळे कधीच न लागणाऱ्या दाराचं कपाट
आणि त्यात लोंबणाऱ्या ओढण्या,
बाटिकचा पडदा, ट्रेकची सॅक,
दाराच्या खुंटीवरचे तीन स्वेटर.
ती गेली त्याच आठवड्यात.
मीच म्हटलं होतं, चला, खोली मोकळी झाली, गाण्याला बरी.
भिंतींना रंग, खाली चकचकीत फरशी.
नंतर पंधरा दिवसांत हा आला
आणि तीन महिने मी याला शिव्या दिल्या.

खासगीवाल्यांनी सवयीने खिशातून सुताचा धागा काढला,
बोटाभोवती गुंडाळला, परत ठेवला.
"इथे जाड लागेल," म्हणाले.

गादी आम्ही वॉचमनला दिली होती, भैरूसिंगला.
दिलेलं परत मागत नाहीत, शरयू म्हणाली.
माळ्यावर एक रजई सापडली,
मालव्यातल्या जानेवारीची, जड,
दहावीच्या वर्षी तिने शाई सांडलेली.
ती मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगली, डाग बाहेरच्या बाजूला.
खाली सतरंजी. फळीवर
रद्दीतून वाचलेल्या तिच्या भूगर्भशास्त्राच्या वह्या, उलटसुलट.
टिश्यू काढून टाकला.

तानपुरा लावला.
तारा हळूहळू एकमेकींत मिसळल्या.
बाईंच्या स ला अजून किंचित कड आहे,
कोऱ्या नोटेला असते तशी.
ती राहू दिली.

काल फोनवर ऋजुता म्हणाली,
"आज नीट येतंय. खोली बदलली का?"
म्हटलं, हो, थोडी.
पुढे काही बोलणार होतो,
पण नळाला पाणी आलं
आणि शरयूने बादलीसाठी हाक मारली.