पंचेचाळीसच्या वर

नवशिक्यांसाठी राखून ठेवलेली कामं
सकाळी उघडून बघते तर सगळी उचललेली.
कुणी न वापरलेला व्हेरिएबल नेला,
कुणी ओळीच्या शेवटी सांडलेली रिकामी जागा.
एका कॉमेंटमध्ये 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलेलं सापडलं,
पाचवीत तुपकर मॅडमनी पन्नासदा लिहून घेतलेला शब्द,
आधी ई की आधी आय, अजून बोटांना पाठ.
पॅच तयार केला, आणि कळलं
पृथ्वीच्या पलीकडच्या कुठल्या पोरानं
परवाच दुरुस्त केलंय ते.

कोट्यवधी ओळी.
आणि माझ्या वाट्याला एक वेलांटीसुद्धा नाही.

खाली दुकानात बाबांचा मे महिना चालू आहे.
पाचपावलीच्या पुलाकडून कूलर येतात
सायकलरिक्षात आडवे, दवाखान्यात आणल्यासारखे.
नवीन पोट्ट्याला बाबा पहिल्या दिवशी पेचकस देत नाहीत.
टॉर्च धर, म्हणतात.
मीही धरलाय सातवीच्या सुट्टीत,
पंपाच्या तोंडाशी, हात न हलवता,
आणि महिनाभरानं एकदा
"वायर इथं जळाली आहे" म्हटलं, तेव्हा
काही न बोलता त्यांनी पक्कड पुढे केली होती.

दुपारचे तीन. वर पत्रा.
बर्डीवरून आणलेला सेकंड हँड कॉम्प्युटर
उघडाच ठेवलाय, आतडी बाहेर.
कामं शोधायचं सोडून मी नुसता लॉग बघत बसले,
उसाच्या रसाचा ग्लास गालाला लावून.
दर दहा सेकंदांनी तीच ओळ:
माप चुकीचं. दुर्लक्ष केलं.
माप चुकीचं. दुर्लक्ष केलं.

कुणाचं माप?
ओळीचा माग काढत गेले, फाइलीतून फाइलीत,
सेन्सरच्या ड्रायव्हरपर्यंत.
तिथं अकरा वर्षांपूर्वी
कुण्या सभ्य माणसानं लिहून ठेवलं होतं:
खोलीचं तापमान पंचेचाळीसच्या वर दिसलं
तर सेन्सर बिघडला असं समजा.

भिंतीवर औषध कंपनीनं फुकट दिलेला थर्मामीटर.
शेहेचाळीसच्या जरा वर.
म्हणजे बिघडलेली मी.
बिघडलेले बाबा, अशफाक, रसवाला,
कामठी रोडनं ओला दुपट्टा गुंडाळून
गाडी हाकणाऱ्या सगळ्या बाया.
आख्खं गाव अकरा उन्हाळे
दर दहा सेकंदांनी टाकून दिलेलं.

हसू आलं. मग राग. मग भीती,
की मीच आकडा उलटा वाचतेय.
सेन्सरचा कागद शोधून काढला.
तो बिचारा पंच्याऐंशीपर्यंत खरं बोलतो.

एक आकडा बदलला.
तीनदा बांधून बघितलं, दोनदा माझ्याच मूर्खपणानं अडलं.
पाठवलं.

उत्तर रात्री आलं, नम्र, तुटक:
बदल ठीक आहे. कारण लिहा.
जो तिथं राहत नाही त्यालाही पटेल असं.
आणि खाली पूर्ण नाव.

कोडची ओळ एक होती.
कारण लिहायला चार दिवस लागले.
आधी लिहिलं, डांबर चपलेला चिकटून येतं.
लिहिलं, कावळे चोच उघडी ठेवून बसतात,
नळाच्या पाण्यानं हात भाजतो,
बाबा रात्री दोनला गच्चीवर पाणी मारतात
आणि पत्रा कढईसारखा चरचरतो.
सगळं खोडलं.
एवढंच उरलं:
नागपुरात मे महिन्यात खोली पंचेचाळीसच्या वर जाते.
सेन्सर बरोबर आहे.
मृणाल शालिक हेडाऊ.

"काय करून राहिली वं दिवसभर?"
बाबा जिन्याखालून ओरडले.
टॉर्च धरून राहिली, म्हटलं.
"मंग हलवू नको,"
ते म्हणाले, आणि खाली कुठलासा पंप
खोकून सुरू झाला.