कडी

मोगलय्या जॉबर आला तेव्हा हातात टेप होता,
डोळ्यांत कीव नव्हती.
"बसल्या बसल्या हात कुठवर जातो, दाखव," म्हणाला.

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
दुखतं का, विचारलं. देवाला काय बोललीस, तेही.

मी हात वर केला.
त्यानं भिंतीवर खडूनं रेघ मारली
आणि त्या रेघेखाली घर उतरायला लागलं:
शेगडी, मिठाची बरणी, शेंगाचटणीचा डबा,
दिव्याचं बटण.
चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याच्या पिंपाला
गुडघ्याशी तोटी बसली.
भंगारात निघालेल्या लूमचा दांडा घेऊन
त्याला पुढं आकडा ठोकला;
दोरीवरची साडी आता माझी मी ओढते,
कधी शेजारणीचीही येते.

उंबऱ्यापाशी उतार केला, तो पहिल्यांदा चुकला.
चढ फार. खुर्ची मागं घसरली.
मोगलय्या स्वतःलाच तेलुगूतून शिव्या देत बसला,
दुसऱ्या दिवशी फोडून पुन्हा केला.

भाच्यानं फोन दिलाय, बोललं की ऐकणारा.
"वहिनीला लाव की बे," म्हटलं
तर वाहिनी लावली त्यानं,
घरभर बातम्या.

शेवटी राहिली कडी.
चौकटीच्या पार माथ्यावर.
"हीपण खाली घ्या," म्हटलं
तशी वहिनी दारातून आत आली.
"आतून लावून घेतलीस अन् पडलीस तर?"
प्रश्न खरा होता.
तिनंच मला उचललंय, धुतलंय, कित्येकदा.
मी काही बोलले नाही.
मोगलय्यानं दाराला एक फट ठेवली,
बाहेरून सुरीचं टोक घातलं
तर कडी उचलेल, एवढी.
वहिनीनं दोनदा उघडून पाहिली.

अकरा वर्षं या दाराला नुसता पडदा.
लोक बोलत बोलतच आत यायचे,
माझी साडी कुठं का असेना.

आज संध्याकाळी
अशोक चौकातल्या गिरण्यांची खडखड थांबली,
लाइट गेली असावी,
आणि त्या शांततेत
दारावर टकटक झाली.

मांडीवर सूप, बोटांत अर्धी वळलेली विडी.
आवाज ओळखीचा होता. खोकलासुद्धा.
मी विडी पुरी वळली,
दोरा गुंडाळला,
मग चाकाला हात घातला
आणि विचारलं,
"कोण?"