शेरा

कॉलेजात विभाग सहा, खोल्या चार.
मानसशास्त्राला खोलीच नव्हती,
जिन्याखाली एक लोखंडी कपाट होतं,
त्यात बंद पडलेलं स्टॉपवॉच, चाचण्यांचे पिवळे कागद
आणि शिरगुप्पेसरांचा डबा.
सर 'मन' शिकवायचे जिन्यावर उभे राहून.
वरनं कुणी उतरलं की मन भिंतीला टेकून वाट द्यायचं.

इतिहास-भूगोलाच्या मधे फळ्यांची आडभिंत.
अलीकडे पानिपत व्हायचं,
पलीकडे जळगावात केळी पिकायची.

भूगोलाचे मगदूमसर शिरोळकडचे,
धोतराच्या निऱ्यांत कायम खडूची पूड.
संस्थान विलीन झालं, नवा नकाशा मंजूर झाला नाही,
तेव्हा त्यांनी मुजावरमास्तरांचा ब्रश उसना घेतला
(चित्रकला विभाग: मुजावरमास्तर, एक घागर, एक वांगं)
आणि पिवळं कोल्हापूर
मुंबईच्या गुलाबीत बुडवलं.
रंग पातळ झाला.
तिसऱ्या तासाला खिडकीतनं ऊन आलं
की पिवळं खालून वर यायचं.
कुणी बोलायचं नाही.
सर छडी हळूच आसामकडे न्यायचे.

मी चोपन्न सालची, गडहिंग्लजहून आलेली.
वर्गात त्रेचाळीस पुरुष, आम्ही तिघी,
तिघींत मिळून एक खुंटी.

मिस हिवाळे अध्यापनपद्धती शिकवायच्या.
सराव पाठाला मागच्या बाकावर बसायच्या,
मांडीवर शेऱ्यांची वही, हिरवी शाई.
"प्रश्न विचारून उत्तर स्वतःच दिले."
"आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. आशय आला नाही."
सुमती शेंडुरे एकदा वही घेऊन रंकाळ्यावर गेली,
बुडवायला,
आणि भिजलेले शेंगदाणे खाऊन परत आली.

माझा सोळावा पाठ. मंगळवार पेठेतली शाळा, सातवी ब.
घटक: बाष्पीभवन.
साहित्य: दोन ताटल्या, ओला रुमाल, स्टोव्ह.
स्टोव्ह पेटेना.
पिन मारली, पंप मारला, काकडा पेटवून विझला.
टाचणात पुढचं वाक्य होतं,
"मुलांनो, आता काय दिसते?"
मुलांना मी दिसत होते.
निम्मी पोरं तालमीतून थेट आलेली,
कानामागं अजून लाल माती,
आणि समोर बाई चीत.

आमच्या ताटल्या, नकाशे, फळे वाहून आणणारा दौलू
दारातच उभा होता.
अकरा वर्षं दरसाल ऐकलेलं बाष्पीभवन,
पंधरा-वीस तोंडांतून.
म्हणाला, "बाई, गुऱ्हाळात काय हुतंय ते इचारा की."

मी विचारलं.
पुन्हा काही विचारावं लागलं नाही.
चुलवाण, काहील, मळी, फेस,
रस घातला किती, रवे निघाले किती,
मग मधलं गेलं कुठं?
"वर," एक म्हणाला, "आमच्या छपराला चिकटतंय."
"ते धुरानं, येड्या!"
जुंपली. घंटा झाली.
निष्कर्ष फळ्यावर लिहायचा राहिला.

हिरव्या शाईत एकच ओळ:
"पाठ टाचणाबाहेर गेला."
आणि खाली, जरा वेगळ्या दाट शाईत,
म्हणजे टाक पुन्हा बुडवून:
"तिथेच राहू द्यावा."
गुणांचा रकाना कोरा.
मागाहून प्राचार्यांनी बावन्न भरले.

नंतर बत्तीस वर्षं शिकवलं, पण
स्टोव्ह कधी वर्गात नेला नाही.

त्या वर्षीचा फोटो आहे माझ्याकडे.
खाली छापलेलं: बसलेले, डावीकडून,
शिरगुप्पे, मगदूम, मिस हिवाळे, मुजावर,
मग उभ्यांच्या तीन ओळी.
उजव्या कडेला एक खांदा, पटका, कान,
खुर्च्या मांडून बाजूला व्हायला ज्याला उशीर झाला.

परवा पेन्सिल घेऊन बसले.
कडेला लिहिलं, दौलू.
पुढं आडनाव येतं.
टोक कागदावर टेकलेलं राहिलं,
तिथं आता
एक बारीकसा खळगा आहे.