लाल काठ्यांची उतरण

एकोणीस हिवाळे लाम्झिरानं
गुदाऊरीच्या लिफ्टखिडकीत तिकिटं फाडली.
आज सुट्टी. लाल काठ्यांच्या उतरणीवर उभी,
भाचीचे बूट पोटरीला चावतायत.

निळी उतरण पाठ झालीय तिला:
स्कींची पाचर करायची, घसटत घसटत उतरायचं.
इथं पाचर चालत नाही.

“डोंगराला बिलगू नकोस,” मल्खाझ खालून ओरडतो,
“दरीकडे झुक. उलटंच वाटेल. तरी झुक.”

शेजारून सहा-सात वर्षांची पोरं
सांडलेल्या वाटाण्यांसारखी निघून जातात.

ती झुकते.
दोन्ही स्की क्षणभर एका मापात,
बर्फ करकरतो, वळण येतं, येतंय, आणि

बसकण.
टोपी आणखी दहा हात पुढं.

वरच्या पाळण्यातून कुणीतरी टाळ्या वाजवतं.
लाम्झिरा मानेतला बर्फ झाडते,
खिडकीत म्हणायची तशीच म्हणते:
“चला, पुढचं.”