फोटोवरून एवढंच

मे महिन्यात व्हर्त्सयार्व तळ्यावरून धूर उठतो.
आग नसते. चिलटं असतात.
आणि आठवड्याभरात माझ्या टेबलावर, इथे तार्तूत,
हेल्दुर किर्सिपूचं पाकीट येऊन पडतं.
रान्नूच्या लायब्ररीत छापलेले फोटो,
सतरा, बावीस, एकदा एकोणचाळीस,
प्रत्येकामागे पेन्सिलीने: बाई, हा कोण?

पाकीट पोचेपर्यंत
फोटोतले सगळे मेलेले असतात.

पहिल्या वर्षी मी शिकवलं:
सोंड बघा. नाही ना? मग चावणार नाही.
चावायचं सोडा, ह्याला जेवायचीही सवड नाही.
पुढचे पाय उचललेत, कोणी दरडावल्यासारखे?
मग आपला.
मागचे उचलले असतील तर डास, मारा खुशाल.
मिशा पिसासारख्या फुलारल्या तर नर,
साध्या दोऱ्यासारख्या तर मादी.
पंख पोटाला पुरत नाहीत,
धाकट्या भावाचा सदरा अंगात चढवल्यागत.

तो शिकला. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस,
त्याला आरशात बघून ओळखायची सवय.
आता तोच लिहितो: नर. न चावणारा. पुढे?

पुढे काही नाही, हेल्दुर.
पुढचं सगळं शेपटीच्या टोकाला असतं,
केसाहून बारीक चिमट्यात,
तो सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.
कूळ सांगते. फार तर प्रजाती.
जात फोटोवरून सांगता येत नाही.
एखादा नर बाटलीत घालून पाठवा, अल्कोहोलात.

उत्तर आलं, ह्यावेळी शाईने:
वोडका मी वाया घालवत नाही.
आणि बाई, वर्षभर चिखलात लाल होऊन पडून
त्याला वर तीन दिवस मिळतात.
त्यातला मी एक कसा घेऊ?

मी रागावले. मग फोटो पुन्हा बघितले.

चिलट, रुबार्बच्या मुरंब्याच्या झाकणावर.
चिलट, सौनाच्या दारावर, जिथला रंग उडालाय.
चिलट, थर्मामीटरच्या अकरावर.
चिलट, धुरावलेल्या ब्रीम माशाच्या डोळ्याशेजारी,
चिलट, बायकी हातमोज्यावर, राखाडी, एकच,
तीन वर्षं त्याच खिळ्याला.
कधी न गेलेलं घर
मला तुकड्यातुकड्यांनी पाठ झालं होतं.
त्या हातमोज्याबद्दल मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

ह्या मेमध्ये एकच फोटो आला.
खिडकीच्या काचेला बाहेरून चिकटलेला नर,
आतून, खालून टिपलेला,
पोट उघडं, मिशा उन्हात पेटलेल्या,
आणि शेपटीचं टोक, बाई गं, शेपटीचं टोक!
भिंग घेतलं. चिमटा दिसला.
एक बाजू स्पष्ट, दुसरीवर
काचेतलं काहीतरी पडलेलं.

भिंग जरा सरकवलं.
काचेतलं काहीतरी म्हणजे एक कपाळ,
एक कान, लोकरी टोपी,
कॅमेऱ्यामागे अर्धा झाकलेला चेहरा.
पाठीमागे भिंत. खिळा.
खिळ्यावर हातमोजा होता की नाही
ते काही केल्या दिसेना.

मी रजिस्टर उघडलं. तारीख घातली.
कूळ लिहिलं, प्रजाती लिहिली,
जातीच्या रकान्यात, वीस वर्षांत प्रथमच, पेन्सिलीने
एक नाव, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्याला उत्तरात मात्र लिहिलं:
नर. वयस्क. पुढचे दोन्ही हात वर धरलेले.
हसतोय की कसं,
हे फोटोवरून सांगता येत नाही.
रविवारी रान्नूला बस किती वाजता असते?