डाव्या बाजूचा क्लच

गोठिवली गावात, सुकटीच्या ओट्याला लागून
रोहिदास भोईरचं गॅरेज. बोर्ड नाही.
टायर टांगलाय, तोच बोर्ड.

मी म्हटलं, तिसरा पडतो, पण कुरकुरत.
रिव्हर्स तर दातच खातो.
काल पारसिकच्या चढाला
इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागच्या जागी,
आणि चुलीत केस पडल्यासारखा वास.

शिकाऊ गाडी, मीच पुढचं सांगून टाकलं.
सावेकाका सिग्नलला क्लच दाबून जप करतात.
जिन्सी सिस्टर नाइट ड्यूटीहून येते
ती थेट तिसऱ्यात गाडी उठवते.
पोरांचं तर विचारूच नका.

तो ऐकत होता, पण माझं नाही.
न्यूट्रलला पेडल दाबलं :
घशात खडा अडकल्यासारखी शीळ.
सोडलं. गप्प.
"बेरिंग," इतकंच.

मग हँडब्रेक ओढला, तिसरा टाकला,
क्लच सोडत गेला, सोडत गेला.
"आता बंद पडायला पायजे हिनं."
नाही पडली.
त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे.
"मॅडम, पाय काढा."

काढला.
पुन्हा तेच केलं त्याने. पुन्हा तशीच घरघरत राहिली,
इकडे इंजिन, तिकडे चाकं,
मधला कुणी बोलेचना.
"प्लेट गेली."

उतरून वळसा घालून माझ्या दारात वाकला.
त्याच्या बाजूच्या रबराच्या रेघा
अजून नखाला लागतात.
माझ्या बाजूचं रबर गुळगुळीत,
एका कडेला लोखंड बाहेर.

अकरा वर्षं मी म्हणत आले,
सोडा, हळू सोडा, अजून थोडं, घाबरू नका,
आणि ते सोडायचे तेव्हा
खाली माझा पाय असायचा.
अर्धा.
माझ्या जाहिरातीत आहेच तसं :
एकदाही गाडी बंद न पडता शिका.

"प्लेट, कव्हर, बेरिंग, सगळाच सेट टाकायला लागंल.
उद्या सांजच्याला या."
जुन्या बनियनला हात पुसत थांबला जरा.
"डावीकडं रबर टाकू नवीन?"

मी पैशांचं विचारलं.

घरी जाताना रबाळ्याच्या वळणावर
रिक्षावाल्याने मूठ पिळून गिअर बदलला
आणि मागच्या सीटवर
माझा डावा पाय दबला,
पत्र्यावर.