चोपड्यात, पंखा बंद करून

सात दिवसांच्या बोलीवर आणलेत
यावलच्या निंबाजीकडून.
वजन अर्ध्या किलोला जरा कमी. मान बोलते.
फोनची ताकद पुरत नाही, वेगळा अ‍ॅम्प लागतो,
आणि पंखा बंद, मे असला तरी:
पाठ उघडी आहे यांची, सगळं आत येतं.

दोन चुंबकांमध्ये ताणलेला पडदा,
भाकरीच्या पापुद्र्याहून पातळ,
हलतो तो सगळा एकदम.
खर्ज फुगत नाही. डफावर थाप पडली की
आधी कातडं, मग लाकूड, मग अंगण.
वरचे सूर कोरडे. पण खरे.

शेवटी माझीच टेप लावली.
एक्क्याण्णव, कानबाईची रात्र,
सायत्राबाई गातायत, माइक माझ्या हातात.
इतकी वर्षं लोकांना सांगत आलो,
गाणं इथे संपतं.

शेवटच्या ओळीनंतर
बांगडी सरकते.
बाई श्वास घेतात, भरून,
पुढचं कडवं उचलायला घेतात तसा,
आणि खट्.
तो माझा अंगठा.

दहापैकी गुण लिहायचे होते.
निंबाजीला फोन केला, घेऊन जा.
"काबरं? आवाज चांगला नही का?"
चांगला शे, म्हटलं.
भलता चांगला शे.